भंडारा लोकसभा मतदारसंघ : दोन जागा, दोन मते आणि एक पराभव

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात भंडारा जिल्ह्याचे नाव येते ते पराभवाच्या संदर्भात. १९५४ च्या मे महिन्यात येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली, बाबासाहेब उमेदवार होते आणि ते पडले. बहुतेक पुस्तकांत यापेक्षा जास्त मजकूर नसतो. त्यामुळे बाहेरगावच्या कार्यक्रमात आम्ही भंडाऱ्याचे असे सांगितले की एखादा तरी धम्मबांधव हसत हसत म्हणतो, "म्हणजे बाबासाहेबांना पाडणारे तुम्हीच!" म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परंतु ऐकणाऱ्याला ते लागते, आणि नव्या पिढीजवळ त्याला उत्तर नसते. तो मतदारसंघ कसा होता, तेथे मत कसे दिले जाई आणि कसे मोजले जाई, हे समजून घेतल्याशिवाय उत्तर देताही येत नाही. या लेखात आम्ही तोच प्रयत्न करणार आहोत.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, म्हणजे १९५१-५२ साली, भंडारा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता व राज्याची राजधानी नागपूर होती. वैनगंगेचा हा प्रदेश. तलाव आणि धान ही त्याची जुनी ओळख. शहरात पितळी भांड्यांचा धंदा आणि गावोगावी विड्या वळणारी घरे. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्या पहिल्या लोकसभेत ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते केवळ ४०१. हा हिशेब आजच्या तरुणाला चुकीचा वाटेल. त्याचे कारण असे की ३१४ मतदारसंघांतून प्रत्येकी एक सभासद, ८६ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन आणि बंगालमधील एका मतदारसंघातून तीन सभासद निवडले जात होते. भंडारा हा त्या ८६ द्विसदस्यीय मतदारसंघांपैकी एक होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव; मतदार मात्र सर्व एकच.

या "मतदार मात्र सर्व एकच" या चार शब्दांमागे वीस वर्षांचा इतिहास आहे. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले व मिळविलेही. महात्मा गांधींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याऐवजी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. राखीव जागेवर उभा राहणारा आपला, परंतु त्याला निवडून देणाऱ्यांत बहुसंख्य दुसरेच, ही स्थिती तेव्हापासूनची आहे. करारात त्यावर एक उपाय होता. अस्पृश्य मतदारांनी आधी प्राथमिक निवडणूक घेऊन चार उमेदवार निवडायचे आणि मग सर्वांनी मिळून त्यातला एक निवडायचा. स्वातंत्र्यानंतरच्या घटनेत ही प्राथमिक निवडणूक राहिली नाही.

आणखीही एक सोय गेली, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. अल्पसंख्य समाजाने एकजुटीने सर्व मते आपल्या माणसाच्या पारड्यात टाकली तर तो निवडून येऊ शकत असे. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्या वेळी मिळालेल्या यशात या पद्धतीचा मोठा वाटा होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ही मुभा काढून घेतली. दोन जागा असल्या तर मतदाराला मते दोन, परंतु एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मत देता येणार नाही, असा नियम झाला.

आता प्रत्यक्ष मत कसे दिले जाई ते पाहू. आजच्यासारखे यंत्र नव्हते हे सर्वांना माहीत आहे; परंतु शिक्का मारण्याची मतपत्रिकासुद्धा नव्हती. बहुसंख्य मतदार निरक्षर असल्यामुळे प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवत व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतपत्रिकेवर कोणाचेच नाव नव्हते. ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी चिठ्ठी होती व तिच्यावर क्रमांक असे. (आमची नोकरी बँकेतली. रुपयाच्या नोटेएवढ्या लाखो चिठ्ठ्या पेट्यांतून काढून हाताने मोजणे म्हणजे काय काम असेल, हे आम्हांला चांगले कळते!) एकसदस्यीय मतदारसंघात मतदाराला एक चिठ्ठी मिळे, द्विसदस्यीय मतदारसंघात दोन. पडद्यामागे जाऊन त्याने या चिठ्ठ्या दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकल्या तर मोजणीत एक धरली जाई व दुसरी बाद होई. यालाच आपल्या लोकांत "मत कुजवणे" म्हणत असत. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सर्व कथा त्याच्याभोवती फिरते.

मोजणीचा नियमही समजून घेण्यासारखा आहे. दोन जागांचे दोन वेगळे सामने होत नसत. सर्व उमेदवारांची मते एकत्र मांडली जात. प्रथम राखीव जागा भरायची : अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते, तो राखीव जागेवर निवडून आला. त्याला बाजूला केल्यावर उरलेल्या सर्वांत, मग तो कोणत्याही जातीचा असो, ज्याला जास्त मते तो सर्वसाधारण जागेवर निवडून आला. म्हणजे सर्वसाधारण जागा ही सवर्णांसाठी राखीव नव्हती. राखीव जागेसाठी उभा असलेला उमेदवार तेथे दुसरा आला, तरी सर्वसाधारण जागा जिंकू शकत होता.

१९५२ साली भंडाऱ्यातून दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर श्री. चतुर्भुज जसाणी व राखीव जागेवर श्री. तुळाराम साखरे. त्या वेळी बाबासाहेब भंडाऱ्यात नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा देऊन ते मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघातून उभे राहिले होते. फेडरेशनचा समाजवादी पक्षाशी समझोता होता आणि सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी नेते श्री. अशोक मेहता त्यांच्याबरोबर होते. दोघेही पडले. काँग्रेसचे श्री. नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते व बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली. फरक १४,५६१ चा. परंतु त्या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक चिठ्ठ्या बाद झाल्या होत्या! कम्युनिस्ट पक्षाने आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगितले, असा आरोप करून बाबासाहेब व अशोक मेहता या दोघांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. बाबासाहेब त्यानंतर राज्यसभेवर गेले व अखेरपर्यंत राज्यसभेचे सभासद राहिले.

इकडे भंडाऱ्याची १९५२ ची निवडणूक कोर्टात गेली होती. हे प्रकरण कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकविले जाते, परंतु आपल्या समाजात त्याची फारशी माहिती नाही. त्यात दोन मुद्दे होते. पहिला विडीचा. श्री. जसाणी एका विडी कंपनीत भागीदार होते व त्या कंपनीचा सरकारी कँटीनला विड्या पुरविण्याचा करार होता. सरकारशी असा करार असणारा माणूस लोकसभेची निवडणूक लढवू शकत नाही, हा आक्षेप. दुसरा मुद्दा आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. राखीव जागेसाठी श्री. गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला होता. कारण काय, तर ठवरे जन्माने महार असले तरी ते महानुभाव पंथात गेले आहेत, आणि तो पंथ जातिभेद मानत नाही, तेव्हा ते आता महार राहिले नाहीत.

१९५४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यामुळे या भागाचे लोकजीवन त्यांना परके नव्हते. जसाणी अपात्र ठरले. ठवरे यांच्याबाबत न्यायालयाने तीन प्रश्न विचारले : जुन्या जातीने त्यांना बाहेर काढले काय? त्यांचा स्वतःचा हेतू जात सोडण्याचा होता काय? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? जातीने त्यांना टाकलेले नव्हते, ते स्वतःला महारच म्हणवीत होते, आणि पंथ स्वीकारल्याने जात सुटते असे दिसत नव्हते. म्हणून त्यांचा अर्ज नाकारणे चूक ठरले. भंडाऱ्याची संपूर्ण निवडणूक रद्द झाली व दोन्ही जागा रिकाम्या झाल्या. बाबासाहेबांना भंडाऱ्यात उभे राहण्याची संधी आली ती अशी, विडीच्या करारामुळे आणि महानुभाव पंथातील एका महार उमेदवाराच्या नाकारलेल्या अर्जामुळे.

राज्यसभेचे सभासद असताना बाबासाहेबांनी ही निवडणूक का लढविली, असा प्रश्न काही जण विचारतात. आम्हांस वाटते, जनतेने थेट निवडून दिलेल्या सभागृहात जाणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. त्यांची प्रकृती ठीक नव्हती. तरीही त्यांनी जिल्ह्यात फिरून सभा घेतल्या व नेहरू सरकारच्या धोरणांवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, कडक टीका केली. सर्वसाधारण जागेसाठी पुन्हा अशोक मेहताच उभे होते, आता प्रजा समाजवादी पक्षातर्फे. राखीव जागेवर काँग्रेसचे उमेदवार श्री. भाऊराव बोरकर होते. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले.

मुंबईत दोघेही पडले होते. भंडाऱ्यात एक तरला व दुसरा बुडाला. हे कसे झाले? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातले आकडे खरे नाहीत, केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत.

समजा, १०० मतदार आहेत, म्हणजे २०० चिठ्ठ्या. त्यांपैकी ४० मतदार काँग्रेसचे. ते आपल्या दोन्ही चिठ्ठ्या काँग्रेसच्या दोन उमेदवारांना देतात. ३५ मतदार फेडरेशनचे. ते एक चिठ्ठी हत्तीच्या पेटीत टाकतात व समझोता पाळून दुसरी अशोक मेहतांना देतात. उरलेले २५ मतदार समाजवादी विचाराचे. ते पहिली चिठ्ठी मेहतांना देतात. दुसरी चिठ्ठी? समझोत्याप्रमाणे ती हत्तीच्या पेटीत पडायला हवी. परंतु समजा त्यांतले १० जणच तसे करतात, आणि १५ जण चिठ्ठी बोरकरांच्या पेटीत टाकतात. आता बेरीज करा. मेहता ३५ अधिक २५, म्हणजे ६०. बोरकर ४० अधिक १५, म्हणजे ५५. बाबासाहेब ३५ अधिक १०, म्हणजे ४५. काँग्रेसचा सर्वसाधारण उमेदवार ४०. राखीव जागा बोरकरांना, सर्वसाधारण जागा मेहतांना. फेडरेशनच्या एकाही मतदाराने दगा दिलेला नाही, तरी त्यांचा नेता पडतो. आणि त्यांच्याच ३५ चिठ्ठ्यांच्या बळावर मेहता निवडून येतात.

आता तेच उदाहरण थोडे बदलू. समजा, फेडरेशनच्या त्या ३५ मतदारांनी दुसरे मत कुजविले, म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या हत्तीच्याच पेटीत टाकल्या. बाबासाहेबांची मते वाढत नाहीत, ४५ च राहतात. बोरकर ५५ वरच. राखीव जागा बोरकरांचीच. परंतु मेहता ६० वरून २५ वर येतात, काँग्रेसचा सर्वसाधारण उमेदवार ४० वर आहे, आणि उरलेल्यांत सर्वांत जास्त मते बाबासाहेबांची, ४५. म्हणजे ते सर्वसाधारण जागेवरून लोकसभेत जातात! मत कुजविण्याला एवढे महत्त्व का होते, ते या हिशेबावरून कळते. तो केवळ रागाचा किंवा अडाणीपणाचा प्रकार नव्हता. नियमांच्या चौकटीत संख्येने कमी असलेल्या समाजाला उरलेली ती एकच युक्ती होती.

भंडाऱ्यातल्या कार्यकर्त्यांना हा हिशेब कळत नव्हता असे नाही. मुंबईचा अनुभव ताजा होता. दुसरे मत कुजवावे, अशी विनंती कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना केली व बाबासाहेबांनी ती मानली नाही, ही आठवण त्या पिढीकडून आपल्याकडे आलेली आहे. ज्या घटनेच्या मसुदा समितीचे आपण अध्यक्ष होतो, तिने दिलेले मत वाया घालवा असे आपल्याच लोकांना सांगणार नाही. हरलो तरी चालेल, असा त्यांचा पवित्रा होता. आमच्या मते याला मुंबईच्या निवडणूक अर्जाचाही संदर्भ आहे. दुसऱ्या पक्षाने मते कुजविली म्हणून ज्यांनी दोन वर्षांपूर्वी न्याय मागितला, ते स्वतः तेच कसे करणार? शिवाय मेहतांना शब्द दिलेला होता. आपल्या समाजाने तो शब्द पाळला, हे मेहतांच्या विजयावरून दिसते. समोरच्या बाजूच्या मतदारांनी तेवढ्याच प्रमाणात तो पाळला असता तर आठ हजारांचे अंतर राहिले नसते, असे आम्हांला वाटते. अशोक मेहतांचा व्यक्तिशः दोष दाखविण्याचा येथे हेतू नाही. पुढारी समझोता करू शकतो. पडद्यामागे उभा असलेला मतदार दुसरी चिठ्ठी कोणत्या पेटीत टाकतो, हे पुढाऱ्याच्या हाती नसते. हत्तीच्या पेटीपर्यंत ज्यांचा हात गेला नाही त्यांची अडचण राजकीय नव्हती, सामाजिक होती.

म्हणून "भंडाऱ्याने बाबासाहेबांना पाडले" हे वाक्य अर्धेच खरे आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी, शेतावर राबणाऱ्या व विड्या वळणाऱ्या आयाबायांनी, हत्तीच्या पेटीत चिठ्ठी टाकली होती. त्यांच्या हाती जेवढे होते तेवढे त्यांनी केले.

या निवडणुकीनंतर सव्वा वर्षाने, ऑगस्ट १९५५ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळे व स्थानिक संस्थांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. राखीव जागांचा आग्रह धरणाऱ्या नेत्याच्याच पक्षाने त्या नकोत म्हणावे, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मुंबई व भंडारा येथील दोन निकाल समोर ठेवून तो ठराव वाचला तर आश्चर्य राहत नाही. ज्या जागेवर कोण जायचे हे इतरांनीच ठरवायचे, ती जागा आपली कशी? येथे एक स्पष्ट केले पाहिजे. हा ठराव केवळ राजकीय जागांपुरता होता. नोकऱ्या व शिक्षणातील सवलतींशी त्याचा संबंध नव्हता. या दोन गोष्टींची गल्लत मुद्दाम केली जाते.

श्री. बोरकर फार काळ सभासद राहिले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक होऊन त्यांच्या पत्नी श्रीमती अनसूयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. म्हणजे एकाच लोकसभेच्या पाच वर्षांत भंडाऱ्याने पाच सभासद पाहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. पुढच्याच महिन्याच्या १ तारखेला राज्य पुनर्रचनेत भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

१९५७ च्या निवडणुकीत भंडाऱ्यातून काँग्रेसचे श्री. रा. मा. हजरनवीस व राखीव जागेवर श्री. बाळकृष्ण वासनिक निवडून आले. हजरनवीस पुढे केंद्रात कायदा खात्याचे उपमंत्री झाले. त्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत मात्र संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत फेडरेशनने चांगले यश मिळविले. मुंबई शहर मध्य या द्विसदस्यीय मतदारसंघातून कम्युनिस्ट नेते कॉ. डांगे आणि फेडरेशनचे श्री. जी. के. माने हे दोघे एकाच समितीतर्फे निवडून आले. पाच वर्षांपूर्वी याच डांग्यांच्या पक्षावर मते कुजविल्याचा आरोप होता! विदर्भात ती लाट नव्हती.

त्याच १९५७ साली दूर आंध्रात पार्वतीपुरम येथे असा निकाल लागला की द्विसदस्यीय पद्धतीचे दिवस भरले. तेथे अनुसूचित जमातीचे दोन उमेदवार मतांत पुढे राहिले. एक राखीव जागेवर व दुसरा सर्वसाधारण जागेवर निवडून आला. पडलेल्यांत श्री. व्ही. व्ही. गिरी होते, जे पुढे राष्ट्रपती झाले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, परंतु १९५९ मध्ये न्यायालयाने निकाल कायम केला. वर आम्ही जो काल्पनिक हिशेब मांडला, तो तेथे प्रत्यक्ष घडला होता. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून सर्व द्विसदस्यीय मतदारसंघ मोडले. मोठे मतदारसंघ, दुप्पट खर्च, मतदारांचा गोंधळ ही कारणे दिली गेली व ती खोटीही नव्हती. पण राखीव उमेदवार सर्वसाधारण जागा जिंकू लागल्यावरच ती कारणे जोरात आठवली, हे नोंदवावेसे वाटते.

मतदारसंघाचे दोन भाग झाले. १९६२ साली भंडारा सर्वसाधारण झाला व तेथून हजरनवीस पुन्हा निवडून आले. गोंदिया राखीव झाला व तेथून बाळकृष्ण वासनिक. १९६७ च्या निवडणुकीत गोंदिया हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि जिल्ह्यात लोकसभेची राखीव जागा उरली नाही.

अर्थात ती उरली असती तरी आपल्याला तिचा काय उपयोग होता? धम्मदीक्षेनंतर आपण बौद्ध झालो. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या २,४८७ होती, ती १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाली. परंतु राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू (व १९५६ पासून शीख) नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नव्हता. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या तरी राखीव जागेवर निवडणूक लढविण्याचा हक्क त्यात नव्हता. नागपूरमधील राखीव जागेवरून १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आलेले श्री. डी. पी. मेश्राम यांची निवडणूक सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली, कारण त्यांनी जाहीरपणे बौद्ध धम्म स्वीकारला होता. महानुभाव झालेला महार हा महारच, परंतु बौद्ध झालेला महार अनुसूचित जातीचा नाही! कायद्याच्या शब्दांत दोन्ही निकालांची संगती लागते. तथापि, भंडाऱ्याच्या खटल्यात ठवरे यांना विचारलेले तीन प्रश्न एखाद्या गावात नव्याने बौद्ध झालेल्या माणसाबाबत विचारले असते, तर गावाने त्याची जात सोडली होती काय, याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक होते. ही अडचण १९९० साली दूर झाली. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झाला. दीक्षेपासून त्याला ३४ वर्षे लागली.

भंडारा मतदारसंघाचा पुढचा इतिहास इतर मतदारसंघांसारखाच आहे. १९६७ साली अशोक मेहता पुन्हा भंडाऱ्यातून निवडून आले, यावेळी काँग्रेसच्या तिकिटावर! मधल्या काळात ते बिहारमधील मुजफ्फरपूरहून लोकसभेत जाऊन आले होते. ते केंद्रात मंत्री होते आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. १९७७ च्या जनता लाटेत श्री. लक्ष्मणराव मानकर, १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसचे श्री. केशवराव पारधी, १९८९ मध्ये भाजपचे डॉ. खुशाल बोपचे, आणि १९९१, १९९६ व १९९८ अशा तीन वेळा काँग्रेसचे श्री. प्रफुल्ल पटेल. १९९९ मध्ये भाजपचे श्री. चुन्नीलाल ठाकूर आले, २००४ मध्ये त्याच पक्षाचे श्री. शिशुपाल पटले यांनी पटेलांना थोडक्यात हरविले. भंडारा या नावाने झालेली ती शेवटची सार्वत्रिक निवडणूक.

२००८ च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ संपला व भंडारा-गोंदिया हा नवा मतदारसंघ आला. त्यात तुमसर, भंडारा, साकोली, अर्जुनी-मोरगाव, तिरोडा व गोंदिया हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. लोकसभेची जागा सर्वसाधारण राहिली. शेजारचा रामटेक राखीव झाला, आणि २००९ मध्ये तेथून बाळकृष्ण वासनिकांचे चिरंजीव श्री. मुकुल वासनिक निवडून आले. भंडारा-गोंदियातील सहा विधानसभा जागांपैकी भंडारा व अर्जुनी-मोरगाव या दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. १९९० पासून बौद्ध उमेदवार आपला धम्म न लपविता अशा जागांसाठी अर्ज भरू शकतो. तिथला मतदारसंघ मात्र पुणे कराराने ठरविला तसाच, संयुक्त आहे.